इराण्याच्या हॉटेलात, घरच्यांसह

गेल्या जूनच्या अखेरीस आम्ही चौघे मुंबईला गेलो होतो. लेकीला बारावीनंतर धोबी तलावाजवळच्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला होता. कागदपत्रे दाखवायची, फी भरायची, वसतिगृहाची खोली पाहायची आणि दोन दिवसांत परत फिरायचे, असा बेत होता. आम्ही दोघे, लेक आणि आमचे अब्बा. अब्बांनी ऐंशी ओलांडली आहे. गुडघे दुखतात, जिना चढताना धाप लागते. तरी ते हट्टाने निघाले. "पोर एकटी राहणार ते ठिकाण मला बघू दे," एवढेच म्हणाले.

आमचे गाव खेड तालुक्यात, जगबुडीच्या काठी. आमच्या भागातल्या मुसलमान घरांत एकेकाळी क्वचितच असे घर असेल, ज्यातला कोणी जहाजावर नव्हता. अब्बाही विसाव्या वर्षी खलाशी झाले. नोकरीचा बोलावा येईपर्यंत मुंबईत राहायचे कुठे? त्यासाठी गावोगावच्या जमातींनी डोंगरी, माझगाव भागात खोल्या घेऊन ठेवल्या होत्या. एका खोलीत वीस-वीस माणसे, प्रत्येकाची एक पेटी आणि एक वळकटी. दिवसा बॅलार्ड इस्टेटच्या शिपिंग ऑफिसात चकरा मारायच्या आणि बाकीचा वेळ काढायचा तो कोपऱ्यावरच्या इराण्याच्या हॉटेलात. अब्बांची मुंबई म्हणजे ही तीन ठिकाणे. चौथी मुंबई त्यांनी फारशी पाहिलीच नाही.

मोका आणि मोखा

पहिल्या दिवशी कॉलेजचे काम दुपारपर्यंत आटोपले. बाहेर पाऊस कोसळत होता. लेक म्हणाली, "आज कॉफी प्यायची आणि मी सांगेन तिथे." तिने मोबाइलवर कितीतरी वेळा पाहिलेल्या, देशभर शाखा असलेल्या कंपनीचे ते दुकान होते. प्रवेश मिळाल्याची खुशी होती, नाही कसे म्हणणार? गेलो.

आत गारवा, मंद दिवे, गुळगुळीत लाकडाची टेबले. भिंतीवर पदार्थांची यादी, तीही इंग्रजीत. अब्बा चष्मा पुसून वाचू लागले आणि एका शब्दावर थांबले. "हे मोका म्हणजे काय?"

"चॉकलेट घातलेली कॉफी असते, दादा," लेक म्हणाली.

"चॉकलेट? अगं, मोखा बंदर आहे. यमनमध्ये. एडन सोडून बाब-अल-मंदेब ओलांडला की उजव्या हाताला किनारा लागतो, तिथलं. आमचं जहाज तिथे थांबायचं नाही. जुनी माणसं लांबून दाखवायची. म्हणायची, साऱ्या दुनियेची कॉफी एके काळी इथून जायची."

लेक क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने मोबाइल काढून नकाशा उघडला. खरेच तांबड्या समुद्राच्या तोंडाशी, यमनच्या किनाऱ्यावर ते नाव होते.

काउंटरवरच्या मुलाने पेल्यावर लिहायला नाव विचारले. अब्बांनी स्वतःचे, वडिलांचे आणि गावाचे नाव सांगितले. मुलगा बिचारा गोंधळला आणि त्याने काहीतरी लिहिले. थोड्या वेळाने ज्या नावाने हाक आली, ते आपले आहे हे आमच्यापैकी कोणालाच कळले नाही. कॉफी तशीच निवत राहिली. चार पेले आणि केकचे दोन तुकडे यांचे बिल हजाराच्या वर गेले. अब्बांनी आकडा विचारला नाही. आम्हीही सांगितला नाही.

तरी खरे ते लिहिले पाहिजे. जागा स्वच्छ होती. बायकांसाठी वेगळे आणि निर्मळ प्रसाधनगृह होते. शेजारच्या टेबलावर दोन मुली बसल्या होत्या. डोक्यावर हिजाब, पुढ्यात लॅपटॉप. आम्ही तासभर होतो, पण त्यांना कोणी उठा म्हटले नाही, की कोणी रोखून पाहिले नाही. लेकीची आई ते टिपत होती. बाहेर पडताना ती हळूच म्हणाली, "महाग आहे खरं, पण पोर इथे एकटी बसली तर मला घोर लागणार नाही." पैशाच्या हिशेबात न बसणारा हा मुद्दा आमच्या मनात राहिला.

रात्री माझगावात नात्यातल्या घरी उतरलो होतो. जेवणानंतर कॉफीचाच विषय निघाला. लेकीला वाटत होते, कॉफीची दुकाने ही अमेरिकेकडून आलेली गोष्ट. मग आम्ही सगळे मिळून तिला सांगत बसलो. पंधराव्या शतकात यमनमधले सूफी रात्रीच्या जिक्रसाठी जागे राहावे म्हणून कॉफी पीत. तिथून ती मक्केला आणि कैरोला पोहोचली. लोक कॉफीच्या निमित्ताने जमतात, बोलतात, याची राज्यकर्त्यांना धास्ती वाटली. 1511 साली मक्केत खैर बेग नावाच्या अधिकाऱ्याने कॉफीवर बंदीही घातली. ती टिकली नाही, कैरोहून हुकूम येऊन सैल झाली. सोळाव्या शतकाच्या मध्याला इस्तंबूलमध्ये कॉफीखाने उघडले. तिथे बुद्धिबळ, किस्से, शायरी आणि सरकारवर टीका, सगळे चाले. 'कहवा' या अरबी शब्दापासूनच पुढे कॉफी हा शब्द आला. आणि आपल्याकडे? सतराव्या शतकात बाबा बुडन हजहून परतताना यमनमधून कॉफीचे सात दाणे घेऊन आले आणि चिकमगळूरच्या डोंगरात त्यांनी ते लावले, अशी कथा सांगतात. त्या डोंगरांना आजही त्यांचेच नाव आहे.

मुंबईलाही कॉफी हाऊस नवे नाही. 1936 साली चर्चगेटला इंडिया कॉफी हाऊस उघडले. पुढे कॉफी बोर्डाने अशी हाऊसेस बंद करायला घेतली, तेव्हा तिथल्या कामगारांनी ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने सहकारी संस्था काढल्या आणि 1957 पासून ती स्वतः चालवायला घेतली. आजच्या चकचकीत कंपन्या फार नंतरच्या. कॅफे कॉफी डेचे पहिले दुकान 1996 साली बंगळूरला निघाले आणि स्टारबक्सचे भारतातले पहिले दुकान 2012 साली मुंबईच्या हॉर्निमन सर्कलपाशी.

"म्हणजे आपलीच वस्तू आपल्याला परत विकतात?" लेकीने विचारले.

अब्बा हसले. "वस्तू कोणाची नसते बाळा. बंदरातून जाते ती सगळ्यांची. प्रश्न एवढाच, की विकणारा तुला ओळखतो का."

डोंगरीचा कोपरा

दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बांना डोंगरीला जायचे होते. त्यांच्या इराण्याकडे. हॉटेलाचे नाव इथे लिहीत नाही, कारण आता ते कोणाला सांगून उपयोग नाही.

टॅक्सीत बसल्यावर त्यांनी सांगायला सुरुवात केली. पहाटे फजरची नमाज झाली की मस्जिदीतून थेट तिथे. मालकही इराणी मुसलमान, यज्दकडचा. आधीच्या रात्रीचे मळके कपडे घालून बसलेला खलाशी असो की कडक इस्त्रीचा कारकून, दोघांना सारखाच पेला आणि सारखीच खुर्ची. नोकरी नसली की पाव आणि चहा वहीवर लिहून ठेवायचा. जहाजावरून उतरलो की पहिला पगार घेऊन ती वही फाडायची. गावाकडून कोणी आला आणि आपण खोलीवर नसलो तर निरोप गल्ल्यावर ठेवलेला असायचा. "तुमच्या मोठ्या बहिणीचा जन्म झाला तेव्हा मी शिपिंग ऑफिसात होतो. खबर त्या गल्ल्यावर आली. मालकाने त्या दिवशी चहाचे पैसे घेतले नाहीत."

टॅक्सी थांबली. कोपरा होता. इमारतही होती. हॉटेल नव्हते. तिथे मोबाइलचे सुटे भाग विकणारी तीन दुकाने झाली होती. मधल्या दुकानाच्या उंबऱ्यापाशी जुन्या लाद्यांची एक ओळ तेवढी उरली होती. अब्बांनी काठीने ती लादी दोनदा ठोकली. दुकानातल्या मुलाने विचारले, "चाचा, क्या चाहिए?" अब्बा म्हणाले, "कुछ नहीं बेटा, चाय पीने आया था." त्या मुलाने उठून स्टूल दिले आणि शेजारून चहा मागवला. आम्ही नको नको म्हणत असताना अब्बा बसले, तो चहा प्यायले आणि त्या मुलाला भरभरून दुआ दिल्या.

परत टॅक्सीत बसल्यावर बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "मेट्रो टॉकीजसमोरचा कयानी तरी आहे का बघा."

मेट्रोसमोर

होता. कयानी आणि कंपनी, जेर महाल इमारतीत, 1904 पासून. योगायोग असा, की ते आमच्या लेकीच्या कॉलेजपासून चालत जाण्याच्या अंतरावर. मरीन लाइन्स स्टेशनवरूनही पायी जाता येते. या जेर महालात गोव्याच्या खलाशांचे कूड, म्हणजे गावोगावच्या मंडळींच्या सामायिक खोल्या होत्या. आमच्या जमातींच्या खोल्या तसे त्यांचे कूड. अब्बांचे जहाजावरचे गोवेकर सोबती इथेच उतरत. म्हणून अब्बाही अधूनमधून इकडे येत.

दारातच काचेच्या बरण्या, बिस्किटांनी आणि खारींनी भरलेल्या. उंच छत, संथ फिरणारे पंखे, लाल चौकटींचे टेबलपोस, गोल पाठीच्या लाकडी खुर्च्या. आम्ही भिजलेल्या छत्र्या कुठे ठेवाव्यात म्हणून घुटमळलो, तर वेटरने कोपरा दाखवला आणि अब्बांसाठी भिंतीकडची खुर्ची ओढून दिली. चहा, ब्रून मस्का, आम्लेट आणि मावा केक मागवला. लेकीने कॉफी सांगितली.

ब्रून म्हणजे बाहेरून कडक आणि आतून मऊ असा पाव. तो उभा चिरून आत भरपूर मस्का लावतात. चहात बुडवल्याशिवाय तो दातांना दाद देत नाही. इराणी चहाची रीत अशी, की पत्तीचा अर्क वेगळा उकळत ठेवायचा, दूध वेगळे आटवायचे आणि पेल्यात दोन्ही एकत्र करायचे. त्यामुळे चहा दाट आणि गोडसर लागतो. मावा केक हातात घेतला की बोटांना तूप लागते आणि वेलचीचा वास येतो. लेकीने कॉफीचा घोट घेतला, मग दादांच्या चहाचा घेतला आणि स्वतःसाठी चहाच मागवला. कॉफी तिच्या आईने संपवली.

चौघांचे पोटभर खाणे झाले. बिल कालच्या तिसऱ्या हिश्शालाही पोहोचले नाही.

आजूबाजूला पाहिले. एका टेबलावर पांढऱ्या सदऱ्यातले दोन वकील कागद पसरून बसले होते. पलीकडे एक म्हातारी पारशी बाई एकटीच वर्तमानपत्र वाचत होती. कॉलेजची पाच-सहा मुले-मुली दोन टेबले जोडून गलका करत होती. एक हमाल डोक्यावरचे फडके मांडीवर ठेवून चहा पीत होता. कोणाला कोणाचे अप्रूप नव्हते. आमच्या टेबलावर बुरखा होता, टोपी होती. आमच्याकडेही कोणी वळून पाहिले नाही. हल्ली प्रवासात ही गोष्ट आम्ही मनात मोजत असतो. तुमच्यापैकी अनेक जण मोजत असतील. इथे ती मोजायची राहूनच गेली, हे बाहेर पडल्यावर लक्षात आले.

अब्बांनी पेला बशीत ठेवला आणि अचानक म्हणाले, "तुझ्या दादीला मी एकदाही इथे आणलं नाही."

आम्ही काही बोललो नाही.

"माझ्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात नाही आणि इथेही नाही. मला निरोप द्यायला ती तीन वेळा मुंबईला आली. दोन दोन दिवस नातेवाइकांच्या घरात बसून राहायची. मी किटलीत चहा घेऊन जायचो. माझ्या हॉटेलात वर माडीवर फॅमिलीसाठी वेगळी जागा होती. पाटी लावलेली होती. तरी नाही आणलं. तिने विचारलं होतं, तो इराणी इराणी म्हणता तो असतो तरी कसा? मी म्हटलं, बाईमाणसाचं तिथे काय काम."

अम्मीला जाऊन आता नऊ वर्षे झाली. जहाजाच्या, बंदरांच्या, तुफानाच्या गोष्टी अब्बांनी आम्हाला शंभर वेळा सांगितल्या असतील. ही गोष्ट आम्ही पहिल्यांदा ऐकली.

लेकीने ब्रूनचा उरलेला तुकडा दादांच्या बशीत सारला. "आता मी येत जाईन," ती म्हणाली. "दर रविवारी फोटो पाठवीन."

ही दुकाने का मिटतात

अब्बांच्या त्या वाक्याने आमचा एक गैरसमज दूर झाला. इराण्यांची हॉटेले बंद पडली की आपण हळहळतो. मोठ्या कंपन्यांनी त्यांना खाल्ले असे म्हणतो. ते अर्धेच खरे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत इराणच्या यज्द, किरमान भागातून गरिबीने आणि दुष्काळाने गांजलेली माणसे मुंबईला आली. त्यांतले बहुतेक जरथोस्ती, काही मुसलमान. चौकातली कोपऱ्याची जागा इतर व्यापारी अशुभ मानत, म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळे, असे सांगतात. कोपरा असल्याने दुकानाला दोन्ही रस्त्यांवर दारे निघाली आणि दोन्ही रस्त्यांची गिऱ्हाइके आत येऊ लागली. गिरणी कामगार, खलाशी, कारकून, विद्यार्थी यांना घराबाहेर स्वस्तात बसायची जागा हवी होती. ती गरज या मंडळींनी ओळखली. मुंबईत अशी हॉटेले शेकड्यांनी होती. आता नावे घ्यायला बसलो तर हाताची बोटे पुरत आली. कयानीच्या समोरच बास्तानी होते, तेही बंद पडले. तिथे भिंतीवर गिऱ्हाइकांसाठी लावलेल्या सूचनांवर निसिम एझिकेल यांनी इंग्रजी कविता लिहिली होती. कविता राहिली, हॉटेल गेले. ग्रँट रोडचे मेरवान 2014 साली बंद होणार अशी बातमी आली, तेव्हा मावा केकसाठी रांगा लागल्या होत्या.

बंद पडण्याची कारणे अनेक. गिरण्या गेल्या, कामगार गेले. मुले शिकून दुसऱ्या व्यवसायात गेली, परदेशी गेली. जुन्या इमारती, पागडीची भाडी, भाडेकरू आणि मालक यांचे तंटे, पुनर्विकास. चार रुपये मिळवून देणाऱ्या टेबलावर माणूस दोन तास बसला तर धंदा कसा परवडणार, हाही साधा हिशेब आहे. पण आणखी एक कारण आपल्या घरातले आहे. आपण ही जागा फक्त पुरुषांची ठेवली. अब्बांच्या पिढीने बायकांना नेले नाही. आमच्या पिढीने मुलांना नेले नाही. मग मुलांना बसायला जागा हवी झाली, तेव्हा ती जिथे सन्मानाने बसता आले तिथे गेली. मॉलमधल्या त्या दोन मुलींना दोष कसा द्यायचा?

रांगा लावून शेवटचा केक घेण्यापेक्षा महिन्यातून एकदा सगळ्यांनी मिळून जाऊन बसणे दुकानाच्या जास्त उपयोगाचे. आठवणी काढून भाडे भागत नाही.

जायचे असेल तर

वाचकांपैकी ज्यांना मुलांना घेऊन जावेसे वाटेल, त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी. सकाळी लवकर किंवा दुपारी तीनच्या सुमाराला जावे. जेवणाच्या वेळी गर्दी असते, खुर्चीमागे माणसे उभी राहतात आणि म्हाताऱ्या माणसांची ओढाताण होते. मांसाचे पदार्थ मागवण्याआधी हलालची चौकशी सरळ आणि नम्रपणे करावी. संकोच वाटला तर अंडी, पाव, खारी, केक यांवरही चांगले भागते. आम्ही तेच केले. अशा जुन्या जागांत प्रसाधनगृहाची सोय बहुधा यथातथाच असते. लहान मुले किंवा वयस्क बायका सोबत असतील तर आधी विचारून घ्यावे. आणि दुकानवाल्यांपैकी कोणी हे वाचत असेल तर त्यांना एक विनंती. एक स्वच्छ प्रसाधनगृह आणि बायकांना निर्धास्त बसता येईल असा एक कोपरा, एवढे केलेत तर कितीतरी घरे तुमच्या दारात येतील.

यासाठी मुंबईलाच गेले पाहिजे असेही नाही. पुण्यात डेक्कनला 1935 पासूनचे गुडलक आहे. तिथला बन मस्का कॉलेजातल्या किती पिढ्यांनी खाल्ला असेल! इराणी नसले तरी प्रत्येक तालुक्याच्या गावी एसटी स्टँडजवळ, मस्जिदीच्या वळणावर, बाजारपेठेत असे एखादे घरगुती हॉटेल असतेच. मालक स्वतः गल्ल्यावर बसतो. त्याचा भाऊ किंवा भाचा आत चहा करतो. संध्याकाळी जमलेले पैसे त्याच गावात किराण्याला, शाळेच्या फीला, दवाखान्याला जातात. आपल्या घरच्या बायकांनी तिथला चहा कधी बसून घेतला आहे का, हा प्रश्न आम्ही परतल्यावर स्वतःला विचारला. उत्तर सोपे होते. तिथून चहा घरी यायचा. किटलीतून.

घरी परतल्यावर

वसतिगृहात लेकीला सोडायला ऑगस्टमध्ये पुन्हा गेलो. या खेपेला अब्बा आले नाहीत, गुडघ्याने ऐकले नाही. तिच्या आईला घोर होताच. सामान लावून झाल्यावर तिघे कयानीत जाऊन बसलो, ब्रून मस्का खाल्ला आणि एक मावा केक अब्बांसाठी बांधून घेतला. गाडीत तो थोडा चेपला. अब्बांनी तो दोन दिवस पुरवून खाल्ला.

आता रविवारी लेकीचा फोन येतो. दर रविवारी ती कयानीला जाते असे नाही. कधी अभ्यास, कधी पाऊस, कधी पैसे संपलेले. वसतिगृहाच्या गल्लीत तिने आणि तिच्या मैत्रिणींनी एक लहानसे चहा-कॉफीचे दुकान शोधले आहे. चारच टेबले. मालक आणि त्याची बहीण मिळून चालवतात. गल्ल्यावर बहीण बसते. परीक्षेच्या दिवसांत मुली वह्या घेऊन तिथे बसतात. मागच्या महिन्यात लेकीला ताप आला तेव्हा त्या बाईने वसतिगृहाच्या दाराशी आले घातलेला चहा पाठवला. हे ऐकल्यापासून तिच्या आईचा आवाज फोनवर बराच हलका झाला आहे.

त्या रविवारी अब्बांनी फोन मागून घेतला. तब्येत विचारली, अभ्यास विचारला. मग विचारले, "वहीवर लिहून ठेवतात का?"

"नाही दादा. आता मोबाइलवरून पैसे द्यायचे असतात, लगेच."

अब्बांना ते पटले नाही. थोडा विचार करून ते म्हणाले, "ठीक आहे. पण मी आलो की मला तिथे ने. आणि तुझ्या आईलाही. आपण सगळे बसू."

गुडघ्याला उतार पडला की डिसेंबरात जायचे ठरले आहे, इन्शाअल्लाह. चार तिकिटे काढायची आहेत. या वेळी आमच्या फुफूही येणार म्हणतात. त्या पंचाहत्तर वर्षांच्या आहेत आणि त्यांनीही इराणी कधी आतून पाहिलेला नाही.